पुस्तकं राहू देत

मटण स्ट्रीटवरून झुल्फिकारशेठ आला,
चष्मा कपाळावर, बोटं रुमालाला पुसत.
एकशे ब्याऐंशी कार्डं मोजली त्याने.
च्युइंगगमसोबत फुकट मिळायची ती,
गुलाबी साखरेचे डाग अजून पाठीवर.
पैसे दिले. रास्तच दिले असावेत.
उठताना म्हणाला, पुस्तकं राहू देत, ताई,
पुस्तकांना कोण विचारतंय?

राहिली.
चार जाड, एक पातळ आणि एक वही.
सगळ्यांवर जांभळा शिक्का:
रमाकांत वि. धैर्यवान, ठाकूरद्वार.
त्यातलं एक बेसबॉलच्या कार्डांचं.
तो खेळ पपांनी जन्मात पाहिला नव्हता,
पण कोपऱ्याची झीज कशी ओळखावी
हे त्यात सोळा पानं समजावलंय,
म्हणून आणलं, फोर्टच्या फुटपाथवरून,
आईला किंमत निम्मी सांगून.

वही त्यांची स्वतःची.
आपल्याकडच्या कार्डांवर कुणी काही लिहिलंच नव्हतं,
तेव्हा हेच बसले लिहीत,
पोर्ट ट्रस्टच्या रद्द रजिस्टरात, बोरूसारख्या अक्षरात:

क्र. १७. पंचाची टोपी दोन छटांत. फिकी आधीची. खात्री नाही.
क्र. २३. यष्टिरक्षक डावखुरा दिसतो. ब्लॉक उलटा लागला असावा.
क्र. ३०. पाहिलेलं नाही. वसईच्या तुस्कानोकडे आहे,
असं तुस्कानोच सांगतो.
छापखाना लालबागला होता म्हणे. खात्री नाही.

खात्री नाही.
एकोणीस वेळा सापडले हे दोन शब्द.
घरात त्यांच्या तोंडून
एकदाही ऐकले नव्हते.

आणि क्र. ४४ समोर, पेन्सिलीने:
वरचा उजवा कोपरा नाही. बेबीने चावला, ११ मे ७४.
किंमत शून्य. बदलून घेणे नाही.

बेबी मी.
मी पाकिटातले पैसे उगाच पुन्हा मोजले.
मग फोन लावला.

कोपरा नसलेलं ना? झुल्फिकारशेठ म्हणाला,
तसली तीन निघाली तुमच्यात. नंबर कोपऱ्यातच असायचा, ताई,
आता कसं ओळखायचं कुठलं कुठलं?
मागे त्याच्या दुकानात कुणीतरी
पितळी घंटा वाजवून बघत होतं.

थांबा, म्हटलं, पुस्तक आहे माझ्याकडे.
चष्मा शोधला, वही उजेडाकडे धरली:
फलंदाज बसलेला. नाव चुकीचं छापलेलं.
मागे आभाळ.
हिरवं.