तेवीस नंबर

तेवीस नंबरला गाडी नाही.
रजिस्टरात नाव : गोमीबाय मढवी, पहिला मजला,
घणसोलीतला साडेबारा टक्क्यांतला फ्लॅट.
वाहनाचा प्रकार : रेघ.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ती खाडीवरून येते,
डोक्यावर घमेलं, घमेल्यात काळा चिखल.
गेटवर ओझा विचारतो, मावशी, हे काय?
ती म्हणते, "माजी गारी."

मग दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये
बसकण मारते.
तळहातानं थापत बांध घालते, वीतभर उंच,
तिवराच्या काड्या रोवते, अंतर बोटांनी मोजून,
कालवांच्या शिंपल्यांची कड,
आत कोंड्या, चौकोनी, एकीतून दुसरीत पाणी जाईल अशा,
आणि कोपऱ्यात अंगठ्यानं एक भोक.
"उघारी. भरतीला लावाची, सुकतीला उघराची."

चोवीस नंबरच्या नाडरांची तक्रार लेखी आली :
दाराला चिखल लागतो.
मी चिटणीस. नोटीस टाइप केली,
'सदर' हा शब्द तीनदा वापरून.
द्यायला गेलो आणि खाली बघितलं.
चिखल वाळत होता, त्याचा तोच भेगाळत होता,
भेगांच्या कडांना बारीक पांढरं मीठ.
आमच्या पार्किंगमध्ये मीठ!
नखाएवढी एक चिंबोरी
नाडरांच्या टायरखाली राहायला गेली होती.

रविवारी टँकर मागवला. पाइप ओझाच्या हातात.
बांध विरघळला, काड्या आडव्या झाल्या,
शिंपले खडखडत निघाले,
पण गटाराकडे नाही.
उतार पश्चिमेला आहे, नकाशावर बाण आहे,
बाणाखाली ठेकेदाराची सही आहे,
पाणी चाललं पूर्वेला,
बावीस, एकवीस, वीस,
पंपरूमच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं,
जिथं फरशी दर वर्षी खचते
आणि आम्ही दर वर्षी सिमेंट ओततो.

गोमीबाय जिन्याच्या पायरीवर
नखांतला चिखल काढत होती.
वर न बघता म्हणाली,
"तयाच होती."

इतिवृत्तात मी लिहिलं : पाहणी झाली.
नोटीस अजून खिशात आहे, दोनदा धुतलेली.
तेवीस नंबर भाड्यानं मागणारे तिघं आहेत,
त्यांना सांगतो, गाडी बाहेरगावी असते,
अमावास्येला येते.