गुडघे

पायऱ्या मोजू नका आजोबा, म्हणली चैताली.
मी मोजल्याच. अर्ध्यात विसरलो.
डॉक्टरनं फोटो खिडकीपुढं धरून सांगितलं होतं :
मिस्त्री, वाट्या झिजल्या.
मांडी नाही, उकिडवं नाही,
गुडघ्यावर तर बिलकूल नाही.

त्रेचाळीस वर्षं फरशी बसवली मी.
सिडको, समर्थनगर, वाळूजचे रो-हाऊस,
कुणाचं देवघर, कुणाचं न्हाणीघर,
गुडघ्याखाली पोत्याची चिंधी
आणि मागं मागं सरकायचं
खोली संपून दाराबाहेर निघेपर्यंत.
पहिल्या दिवशी आपल्याच फरशीवर
आपल्याला पाय देता येत नाही.
नंतर कुणी बोलवत नाही.

तिसऱ्या लेणीत अंधार, वटवाघळांचा आंबूस वास.
कचरू पहारेकऱ्यानं बाहेर उन्हात
पत्र्याचा तुकडा तिरपा धरला
तसा उजेड आत आला,
जमिनीवरून घसरत, खांबाला अडखळत,
आणि एका गुडघ्यावर येऊन थांबला.

मग दुसरा. मग तिसरा.
आपल्याएवढीच माणसं, दगडाची,
हात जोडून, ओळीनं, गुडघ्यावर.
बायांचे अंबाडे, गळ्यात ठसठशीत माळा,
मागं एक ढेरपोट्या, त्याला दम लागलेला दिसतो,
आणि कडेची एक, नाक फुटलेली,
तिनं भार उजवीकडं टाकलाय थोडा.
डावा दुखतो बाई तुझा. मला कळतं.

दान देणारे होते म्हणतात हे, कचरू म्हणला,
ह्यांच्याच पैशातून झालं सगळं.
पैसे देणाऱ्याला गुडघ्यावर बसलेलं
मी आजच बघितलं.

चैताली वहीत उतरवत होती, शतक, दागिने, केशरचना.
मी खाली बघत होतो,
जिथं गुडघा जमिनीला टेकतो तिथं.
तो कोपरा अवघड.
उभ्यानं छिन्नी पोचत नाही,
बसून हात वळत नाही.
म्हणजे त्याला टेकावेच लागले असणार,
गुडघे कोरायला गुडघे.
काय घेत असेल खाली? गवताची चुंबळ?
जुनं धोतर?
का नुसताच दगड, दगडावर?

एका बंगल्यात मोरीच्या दारामागं
व्हाईट सिमेंट ओलं असताना
मी नखानं एक अक्षर काढलं होतं.
मालकाला अजून माहीत नाही.
इथंही चाचपून बघितलं, पायांच्या मागं, सांदीत.
बोटाला नुसती धूळ आली.
कचरू ओरडला, हात लावू नका काका.

समोर तो.
पाय खाली सोडून बसलाय, खुर्चीवर बसावं तसा,
डॉक्टरनं मला सांगितलंय तसा.
माय माझी पौर्णिमेला यायची,
ह्याच उंबऱ्याशी कपाळ टेकायची,
उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायची,
आणि मला वाटायचं, मी किती मोठा झालो.

मी उभाच राहिलो, हात जोडून.
जरा लाजच वाटली एवढ्या सगळ्यांसमोर.
मनात म्हणलं, माझ्या वाटचंही बसा आता,
तुम्हाला सवय आहे.

कचरूचा हात भरून आला असेल.
उजेड हलला,
ढेरपोट्यावरून, अंबाड्यांवरून मागं मागं सरकत
दाराबाहेर निघून गेला.
अंधारात कुणीतरी गुडघा बदलल्याचा आवाज आला.
चैताली म्हणली, तुमचाच वाजला.

बाहेर ऊन. खाली मकबरा पांढरा,
त्याच्यापुढं धुरकट गाव,
त्यात कुठंतरी माझ्या सगळ्या खोल्या.
कट्ट्यावर पाय लांब करून बसलो.
कशी वाटली लेणी? तिनं विचारलं, पेन उघडून.

काम चोख आहे, म्हणलं.
डाव्या हाताला लेव्हल जरा सुटलीय.

तिनं तसंच लिहून घेतलं.