तिरपी कात्री

टिल्लू मॅडमनी त्या दिवशी फळ्याला हात लावला नाही.
लवंग शेवेचं एक जुनं पाकीट
टेबलावर उपडं केलं.
"हा तुमचा पेशंट.
वय एकाहत्तर. पाय सुजतात, उठताना तोल जातो.
उत्तर नकोय मला. आधी प्रश्न विचारा."

पाकिटातून पडले स्ट्रिपचे तुकडे,
दोन गोळ्यांचे, तीन गोळ्यांचे,
एकावर नावाचं नुसतं शेपूट,
तारीख कुठेच पूर्ण नाही.

हर्षिल म्हणाला, किडनी.
कुणी म्हणालं, हृदय, आणि स्वतःच खोडलं.
पुस्तकात आजार धडे धरून येतात.
हा शेवेच्या वासात आला होता,
बोटांना पिवळं तेल लावत.

मॅडम खिडकीपाशी. गप्प.
बऱ्याच वेळानं अलफियानं दोन तुकडे शेजारी ठेवले,
एक गुलाबी, एक निळा.
"नावं दोन आहेत, औषध एकच.
हे दोन दुकानांतून घेतात का?"

बीपीची एकच गोळी, दोनदा.
तिनं पाय सुजले,
सुजेवर पाणी काढायची तिसरी,
मग तोल, मग तोलासाठी चौथी.
सगळे भराभर लिहू लागले.
मी सोडून.

संध्याकाळी सहा ते दहा
मी मल्हारगंजात मामाच्या मेडिकलवर असतो.
"दोनच दे भिया, बाकीच्या पेन्शन आली की."
मी कापतो.
आमच्या कात्रीचं एक पातं सैल आहे,
काप नेहमी उजवीकडे तिरपा जातो.
टेबलावरचे गुलाबी तुकडे
सगळे उजवीकडे तिरपे होते.

"वाघळे, तुझा प्रश्न?"
मात्रा, हाफ-लाइफ, सगळं पाठ होतं.
तोंडातून निघालं, "त्यांना वाचता येतं का?"
आणि मॅडम काही बोलायच्या आत मीच म्हणालो,
"येतं. रोज आमच्या काउंटरवर पेपर वाचतात.
नाव मी कापतो."

कुणी हसलं नाही.
मॅडमनी तुकडे मोजून परत पाकिटात भरले,
पाकीट माझ्या हातात दिलं.

आता मी स्ट्रिप उलटी धरतो,
नावाची बाजू गिऱ्हाइकाला देतो.
पण नाव एकालाच पुरतं.
दुसऱ्यासाठी बॉलपेननं लिहायला जातो:
बीपी. सकाळी एक. घरी असलीच आणखी असेल तर
घेऊन या.
चांदीवर शाई धरत नाही,
अंगठ्याखाली पुसते.
मी पुन्हा लिहितो.
मामा म्हणतो, लाईन लागलीये.