ओठ हलवू नका

टेबल भिंतीला लावलं.
पाठीमागे काहीही दिसता कामा नये, असा नियम आहे,
म्हणून वाळल्या जर्दाळूंची माळसुद्धा उतरवली.
आईला वाटलं, विकायला काढली.

ओळखपत्र धरलं कॅमेऱ्यापुढे: नवार्द, दुसरं वर्ष, ग्युम्री.
मग लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवली,
छत, टेबलाखालची फरशी,
आणि माझे तळहात, उलटे, सुलटे.
वॉर्डात शिरतानाही असेच दाखवतो आम्ही,
पण तिथे कुणीतरी म्हणतं तरी, नखं वाढलीत गं तुझी.

बाहेर उणे सतरा. पायांत वडिलांचे मोजे.

गोहारला आवडतात अशा परीक्षा.
समोर कुणी नसलं की हात कापत नाहीत, म्हणते,
मांडीवर मांजर घेऊन तिनं शरीरशास्त्र सोडवलं.
शुशान मामाच्या गॅरेजात बसते, बंद गाडीत,
नेट तिथवरच पोचतं.
मागच्या खेपेला कुणीतरी गाडीच चालू केली,
आणि ती हृदयाच्या झडपांसकट
चार मीटर पुढे गेली.
आम्ही आठवडाभर हसत होतो.
ती हसली नाही.

प्रश्न सातवा. नाडी.
चार गोल. एकात ठिपका द्यायचा.

गेल्या वर्षी सिरानुश बाईंनी स्वतःचं मनगट पुढे केलं होतं,
सांग म्हणाल्या.
मी म्हटलं, शहाण्णव, आणि घाबरले, इतकी कशी?
बाई म्हणाल्या, तीन जिने चढून आलेय, बरोबर आहे तुझं.
त्यांच्या कातडीला खडूचा वास होता.
आजी म्हणायची, पोरीच्या हाताला गुण आहे.
ह्या गुणाला रकाना नाही इथे.
इथले गुण आपोआप मोजले जातात,
पान मिटायच्या आत.

पडद्याच्या वर तो हिरवा ठिपका,
डोळ्यांत तेल घालून बसलेला.
डावीकडे बघायचं नाही. खाली बघायचं नाही.
विचार करताना मी नेहमी खिडकीकडे बघते,
आता विचारसुद्धा समोर बघूनच करायचा.

डावीकडच्या खोलीत वडील झोपलेत.
तीस वर्षं खाणीत दगड कापला त्यांनी,
ह्या गावाच्या भिंतींचा गुलाबी दगड.
त्याची धूळ आता त्यांच्या छातीत राहते, भाडं न देता.
त्यांचा श्वास दाराच्या फटीतून येतो
आणि माझे कान मला न विचारता मोजायला लागतात.

नऊ, दहा, अकरा…

लाल पट्टी: ओठ हलत आहेत. पहिली सूचना.

ओठ मिटले. जिभेनं मोजलं, दातांच्या आत.
अठ्ठावीस.

प्रश्न बाविसावा:
रुग्णाला धाप लागली आहे. सर्वप्रथम काय कराल?
अ, ब, क, ड.
मला उत्तर माहीत होतं, ब होतं,
मी ब वर ठिपका दिलाही,
आणि मान न वळवता, पडद्याकडेच बघत
जोरात ओरडले:
बाबा, उठून बसा! उशी पाठीशी घ्या! पुढे वाका!

लाल पट्टी: दुसऱ्या व्यक्तीशी संवाद.

पलंग करकरला.
पुढचे तीन प्रश्न काय होते, आठवत नाही.

निकाल राखून ठेवलाय.
समिती चित्रफीत पाहणार आहे म्हणे,
पत्र आलं, फार सभ्य पत्र.
आईनं माळ परत टांगली, दोन जर्दाळू खाऊन.

मान्यवर,
चाळिसाव्या मिनिटाला आवाज थोडा वाढवा.
माझा चेहरा बघू नका, तो नुसता समोर बघतोय.
दाराकडून येतं ते ऐका.
घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट, अर्ध्याची दुप्पट नको,
बाईंनी शिकवलंय तसं.
मला बावीस मिळाले होते.
तुम्हाला किती येतात, कळवा.