प्रश्नात महिना दिलेला नाही

पुस्तकात लिहिलंय: सरोवर म्हणजे
चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला पाण्याचा साठा.
मी वाचते. एकोणीस मुलं माझ्यामागून म्हणतात.
मग मागच्या बाकावरचा पिसेत विचारतो,
"जमीन कुठल्या बाजूला आहे, बाई?"
आणि आम्ही सगळेच खिडकीबाहेर बघतो.

बाहेर तोन्ले साप.
जलपर्णीचे पुंजके, डिझेलचा रंगीत तवंग,
होडीतून भोपळे विकत निघालेली लीनची आई,
आणि पाणी संपतं तिथे थेट आभाळ.
आमची शाळा पिंपांवर तरंगते.
जवळून मोठी बोट गेली की फळ्यावरची रेघ वाकडी होते;
मुलं तिला नदी समजून वहीत उतरवून घेतात.

मी डोंगरातली, मोंडुलकिरीची.
द्वीपकल्प, भूशिर, संयोगभूमी, सामुद्रधुनी,
सगळं तोंडपाठ करून आले होते.
वल्हं तेवढं मारता येत नव्हतं.
पहिलं वर्षभर तिसरीतली लीन
मला रोज घरी सोडायला यायची.

बेट सोपं गेलं.
प्रत्येकाने आपापल्या घराचं चित्र काढलं.
"बेट हलत नाही," मी म्हटलं.
"मग तिथले मासे संपले की ते काय करतं?"

डोंगर जड गेला.
हात उंचावून दाखवला, टोपली पालथी घातली,
तिच्यावर माझी हिरवी ओढणी पसरली.
तेव्हा केसोर म्हणाली, "हां, तो.
माझ्या भावाला नेलं होतं तिथे.
तीन तास होडीने, मग चालत.
पाणी उतरेपर्यंत पेटीत होता तो, झाडाला बांधलेला."
मी ओढणी घडी करून ठेवली.
त्या दिवशी व्याख्या लिहून दिली नाही.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आमच्या नदीचं मुखही विचारू नये.
कोरड्या दिवसांत ती इथूनच, या सरोवरातून निघते,
खाली जाऊन मेकाँगला मिळते.
पावसात मेकाँग फुगते, हिला मागे लोटते,
आणि ही सासरहून परत येते
ओटीत गाळ आणि मासे घेऊन.
मग बुडलेल्या झाडांच्या फांद्यांतून मासे फिरतात,
पाखरांच्या जागी.
घरं दोर सोडतात, पाण्याच्या मागे जातात.
शाळाही जाते. नकाशावर खूण कुठे करायची
हे जिल्ह्याच्या साहेबांना मी अजून कळवलेलं नाही.

वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका त्यांच्याकडूनच आली.
प्रश्न चौथा, गुण दोन:
तोन्ले साप नदी कोणत्या दिशेला वाहते?
अठराजणांनी लिहिलं, आग्नेयेला.
पुस्तकात तसंच आहे.
पिसेतने लिहिलं, प्रश्नात महिना दिलेला नाही.

कंदिलाशी बसून मी लाल पेन उघडलं,
मिटलं, पुन्हा उघडलं.
दोनपैकी दोन दिले,
आणि साहेबांना दिसावेत म्हणून जरा मोठेच काढले.

यंदा जून गेला.
जुलैही गेला तसाच.
पिसेतच्या वडिलांनी बांबूवर रंगाच्या खुणा केल्यात,
पाणी अजून सगळ्यात खालच्या खुणेच्याही खाली.
वर कुठेशी धरणं झालीत म्हणतात,
आणि पाऊसही आला नाही म्हणतात.
दोन्ही गोष्टी माणसं एकाच सुरात सांगतात
आणि रिकामी जाळी परत विणायला घेतात.

मधल्या सुट्टीत पिसेत शाळेच्या कडेला पाय सोडून बसतो,
जलपर्णीचं एक पान खुडून पाण्यात टाकतो.
पान आग्नेयेला जात नाही.
वायव्येलाही नाही.
जागच्या जागी एक गिरकी घेतं आणि थांबतं.

"बाई," तो विचारतो,
"वाहत नसेल तेव्हा हिला नदीच म्हणायचं का?"

घंटेची वेळ होऊन गेलेली असते.
मी त्याच्याशेजारी पाय सोडून बसते
आणि पानाकडे बघत राहते.