तंगडीचं बी

अथणीच्या मागच्या गल्लीत, कोरड्या हौदाजवळ
पत्र्याचा डबा सापडला.
झाकणावर आप्पांचं कानडी अक्षर:
तंगडी.
मी मराठी शाळेतली. हसले.
पायाचं बी पेरून
काय उगवणार होतं, आप्पा?
आणि तेही जोडीनं?

बाळव्वा म्हणाली, तरवड की गं, तरवड.
आमच्यात त्यालाच तंगडी म्हणत्यात.
त्याचीच साल कुटून कुटून
ही नखं अशी झाली.

डबा सुपात उलटला.
उंदरानं, की आप्पांच्याच घाईनं
तीन जातींचं बी एक केलेलं.
सगळं मातकट, सगळं कडक.
मला सगळं सारखंच.

बाळव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ती बोटांनी निवडते.
हे दोन्ही टोकांना तिरकं,
रापीनं छाटल्यागत: टाकळा.
भाजीला बरा. कातड्याला काय कामाचा?
हे वाटोळं, चपटं, सदऱ्याची गुंडी: कासविंदा.
भाजून, दळून कॉफी म्हणायचा तुझा काका,
आम्हालाबी पाजायचा मेला.
आणि हे...
इथं ती थांबली.
बी अंगठ्याखाली फिरवत राहिली,
कातड्याची जाडी बघतात तसं.
लांबट. चपटं. दोन्ही गालांवर
खोलगट ठसा,
कुणी नखानं दाबून ठेवल्यासारखा.
हे.

तळाशी एक अख्खी शेंगही होती,
कागदासारखी, वाजणारी.
दोन बियांच्या मधे आडवी दुमड,
मग पुन्हा बी, पुन्हा दुमड.
टाका, टाका, टाका.

आता कातडं बाहेरून येतं, निळसर, तयार.
कालव्याचं पाणी आलं आणि
माळाचा ऊस झाला.
बाळव्वाला तो वासावरून कळतो,
त्याबद्दल ती बोलत नाही.

एकेचाळीस निघाली.
पाण्यात टाकली. सात तरंगली, ती पोकळ.
एकाचं तिला काही सांगता येईना,
पुन्हा पुन्हा चाचपलं
आणि माझ्या तळहातावर ठेवून दिलं.

कवच इतकं घट्ट, पाणी आत शिरत नाही.
म्हणून आप्पांचा दगड काढलाय, रापीला धार लावायचा,
मधोमध झिजून होडी झालेला.
एकेक बी घासते आहे, एका कडेनं,
डोळा सांभाळून.
लई न्हाई, ती म्हणते,
आवाज बदलला की हात थांबव.