ओळ संपल्यावर

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा,
व्हॉल्व्हच्या कारखान्याचं डिस्पॅच खातं.
बाहेर बसलिंगप्पाचा ट्रक भरून उभा.
चलन नाही म्हणून चाक नाही.

दुपारी तासभर वीज गेली होती,
तेव्हापासून प्रिंटर मुका.
मी काळा पडदा उघडून रांग विचारली:
सत्तावीस चलनं, एकामागे एक,
रेशनच्या दुकानापुढे ठेवलेल्या पिशव्यांसारखी.
माणसं घरी गेलीत, पिशव्यांनी नंबर धरलाय.

पिंग केलं. उत्तर नाही.
चाळीस नंबरच्या पत्त्यावर
आता कुणीच राहत नव्हतं.
वीज आल्यावर राउटरनं घरं नव्यानं वाटली
आणि प्रिंटर, कुणाला न सांगता,
सत्तावन्नमध्ये राहायला गेला.
लिनक्स बिचारं जुन्याच दारावर
दर तीस सेकंदांनी टकटक करत बसलेलं.
मीही एकदा नौपाड्यात असं केलंय.
ते असो.

जुनी रांग मोडली, नवी बांधली,
पिशव्या उचलून तिकडे ठेवल्या.
कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स खोकला
आणि कागद वर आला:

गेट व्हॉल्व्ह दीड इंची
                    नग एकशेवीस
                              दर ठरल्याप्र

मजकूर खरं तर इंग्रजी होता,
पण पडणं सगळ्या भाषांत सारखंच.
प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या टोकावरून
पायरी उतरलेली.
चौथी कागदाबाहेर.
एकूण रक्कम रोलरच्या रबरावर छापली गेली.

केबल काढून लावली. बंद करून चालू केला.
दुसरा कागद. जिना.
तिसरा. जिना.
बसलिंगप्पा दारातून डोकावला, काही बोलला नाही,
त्याचं न बोलणं कानडीत होतं.

शशिकला टिपणीस, हेडक्लार्क,
निवृत्तीला चार महिने,
डबा पिशवीत घालून थांबलेल्या.
कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला.
मला वाटलं, आता म्हणतील
आमच्या वेळी असं नव्हतं.
म्हणाल्या, "हा ओळ संपली की खाली जातोय.
मागे येत नाहीये."

आणि त्यांचा डावा हात आपसूक उठला,
हवेतला एक दांडा धरून
उजवीकडे ढकलून आला.

"टिंग वाजली की दोन कामं असायची.
कागद एक घर वर
आणि गाडा परत पहिल्या अक्षराला.
घंटाळीजवळच्या क्लासात बाई पट्टी घेऊन उभ्या राहत.
एकाच झटक्यात दोन्ही व्हायची ना,
म्हणून ती दोन आहेत हे विसरायला होतं."

मी वीस वर्षं या धंद्यात.
युनिक्सला एकच खूण पुरते: खाली.
परत येणं तो धरूनच चालतो.
या म्हाताऱ्या यंत्राला ते वेगळं सांगावं लागतं.
जुन्या रांगेत तेवढंच सांगणारा
एक फिल्टर कुणीतरी ठेवला होता.
कुणीतरी म्हणजे मीच, बारा वर्षांपूर्वी.
आणि आज घाईत पुसला, तोही मीच.

हे बाईंना सांगितलं नाही.
एक ओळ लिहिली:
प्रत्येक खालीच्या आधी एक मागे.
ये रे माझ्या मागल्या म्हणत
छापणारं डोकं करकरत डावीकडे आलं,
पहिल्या घरात शिरलं,
पुन्हा निघालं.

सत्तावीस चलनं, तीन-तीन प्रती.
बसलिंगप्पानं सही केली, इंजिनला चावी मारली.
बाईंनी जिन्याचे कागद गोळा केले.
"पाठकोरे आहेत," म्हणाल्या, ड्रॉवरमध्ये ठेवले.
चार महिन्यांनी त्यांच्या मागे
दुसरंच कुणी बेरजा करत बसेल.

माझं बिल मी निम्मं लावलं.
कारण विचारलं नाही कुणी.

रबरावरची ती रक्कम तेवढी राहिली.
पुसायला गेलो, तर स्पिरिट संपलेलं.